मदत हवी आहे : आईची खालची दाढ नाही, ब्रिजसाठी शेजारचे चांगले दात घासू द्यावेत का?

नमस्कार. आम्ही पांढरकवडा तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका खेड्यात राहतो. प्रश्न आईचा आहे. वय ५४, शुगरची गोळी चालू आहे.

डावीकडची खालची मोठी दाढ किडल्यामुळे काही वर्षांपूर्वी काढली. तेव्हापासून ती जागा रिकामीच आहे. त्या फटीत भाकरीचा कण, तुरीच्या डाळीचं फोलपट, काहीही जाऊन बसतं आणि मग जेवणानंतर बराच वेळ जिभेने उकरणं चालतं. मागची दाढ पुढे कलली आहे, वरची दाढ खाली उतरल्यासारखी दिसते. आई सगळं उजवीकडूनच चावते, आता तिकडेही ठणका लागतो. ज्वारीची भाकर वरणात कुस्करून, पार मऊ झाल्यावर खाते. यंदा हुरडा तिने हातात घेतला तो फक्त आम्हाला भाजून द्यायला. हे बघवत नाही, म्हणून इथे विचारतोय.

तालुक्याच्या डॉक्टरांनी ब्रिज सांगितला. पुढचा आणि मागचा दात घासून त्यांवर कॅप बसवायच्या, मधला खोटा दात त्यांनाच जोडलेला. नागपूरच्या एका दवाखान्यात इम्प्लांटच (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) करा म्हणाले, त्याचा खर्च ब्रिजच्या कितीतरी पट. आईचं एकच म्हणणं, "माह्ये धड दात काहून घासाचे? एकासाठी दोन खराब कराचे का?" खरं सांगायचं तर याला माझ्याजवळ उत्तर नाही.

त्यात आठवडी बाजारात पेटी घेऊन बसणारा एक जण बसल्या बैठकीत 'फिक्स दात' लावून देतो. शेजारच्या काकांनी लावून घेतलाय, तारेने बांधून वरून गुलाबी मसाला थापलेला. आईला तेच सोपं वाटतंय.

आणखी एक. आमच्याकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, आईच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. अशा दातांवर कॅप टिकते का? आणि पांढरीफेक कॅप शेजारी विचित्र दिसेल का? कापसाची वेचणी सुरू झाली की घरातून निघणं अवघड, म्हणून आत्ताच ठरवायचं आहे.

प्रतिसाद (दंतवैद्य, अमरावती)

दादा, आधी ते बाजारातलं डोक्यातून काढा. तो मसाला म्हणजे लवकर घट्ट होणारं ॲक्रिलिक. ते थेट हिरडीवर थापतात, काढून धुता येत नाही, खाली अन्न सडतं, हिरडी सुजते, आणि ज्या चांगल्या दातांना तार बांधली तेच हलायला लागतात. असे रुग्ण आमच्याकडे येतात तेव्हा एकाऐवजी तीन दात काढावे लागतात.

आईंची शंका रास्त आहे. ब्रिजसाठी दात घासावे लागतात आणि घासलेलं इनॅमल (दाताचं वरचं कडक आवरण) परत येत नाही. शेजारचे दोन्ही दात अगदी कोरे असतील आणि खर्च झेपत असेल, तर इम्प्लांट बरा, कारण त्यात शेजाऱ्यांना हात लागत नाही. हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसतो, तो हाडाशी एकजीव व्हायला साधारण ३ ते ६ महिने देतात, मग वर दात. पण शुगर आटोक्यात हवी, नाहीतर जखम नीट भरत नाही. पण त्या दातांत आधीच कीड किंवा मोठं सिमेंट भरलेलं असेल, तर त्यांना तसंही कॅपचं संरक्षण लागतं. तिथे ब्रिज हाच शहाणपणाचा मार्ग.

तुमच्या बाबतीत खरा प्रश्न मागच्या दाढेचा आहे. ब्रिजचा सगळा भार या दोन दातांवर. जोडीतला एक बैल लंगडत असेल तर दुसऱ्याचीही मान सोलते, तसंच इथे. एक्स-रे काढून मुळाभोवती हाड किती उरलंय ते बघू द्या. दाढ हलत असेल तर ब्रिज नकोच. थोडी कललेली असेल तर घासताना जुळवून घेता येतं, जास्त असेल तर आधी ब्रेसेसच्या तारेने सरळ करतात. खाली उतरलेली वरची दाढही थोडी घासून लेव्हलला आणावी लागेल, नाहीतर खोट्या दाताला उंचीच मिळणार नाही.

फ्लोराइडचं म्हणाल तर दाताभोवती बसणाऱ्या कॅपला अडचण नाही. नुसता मागून चिकटवायचा ब्रिज मात्र अशा इनॅमलवर नीट धरत नाही, आणि दाढेच्या जोरापुढे तो तसाही कमी पडतो. रंगासाठी शेडगाइड (दातांच्या रंगछटांचे नमुने) लावून बघायला सांगा, लॅबवाले सिरॅमिकवर हलके डागही देतात. मागच्या दाढेला आईंना चालत असेल तर पूर्ण धातूची कॅप घ्या. स्वस्त पडते, आणि मुख्य म्हणजे दात कमी घासावा लागतो.

प्रतिसाद (वर्धा)

माझ्या सासूबाईंचा ब्रिज सावंगीच्या शरद पवार दंत महाविद्यालयात केला. शिकणारी मुलं करतात, वर सर तपासतात. वेळ जास्त जातो, पैसे कमी लागतात. नागपूरला मेडिकल कॉलेजच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालयही आहे. माप घेतल्यावर लॅबमधून ब्रिज यायला काही दिवस लागतात, तोवर तात्पुरती कॅप मागून घ्या, नाहीतर घासलेल्या दातांना गार पाणी सोसत नाही.

एक विचारू? आई खर्रा (तंबाखू-सुपारी) खातात का? आपल्याकडे बायाही खातात, म्हणून विचारते. खर्र्याने तोंड उघडेनासं होतं, म्हणून उभी तीन बोटं तोंडात जातात का ते घरीच पाहा. जात नसतील तर आधी ते दाखवा, दात नंतर.

आणि ब्रिज बसला म्हणजे सुटलो असं नाही. खोट्या दाताखालून रोज दोरा फिरवावा लागतो. तो वरून जात नाही, कडक टोकाचा सुपरफ्लॉस मिळतो, तो बाजूने ओवायचा. सासूबाईंना जमेना तेव्हा छोटा इंटरडेंटल ब्रश आणून दिला, तो जमला. हे न केल्यास कॅपच्या कडेला आतून कीड लागते आणि दुखेपर्यंत कळत नाही. नीट राखलेले ब्रिज १०-१५ वर्षं सहज चालतात.

धागालेखक

डॉक्टर, ताई, मनापासून आभार. आई खर्रा खात नाही, तीन बोटंही जातात. तुमचं लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. बाजारातल्या दाताचं तिने स्वतःच सोडून दिलं, आणि धातूची कॅप म्हटल्यावर "दिसते कोणाले मागं" म्हणाली. शुगर तपासून सोमवारी एक्स-रेसाठी यवतमाळला नेतोय. मागच्या दाढेचं हाड चांगलं निघालं तर ब्रिज, नाहीतर ती एक दाढ सोडून काय करता येतं ते विचारतो. डॉक्टर, तसं झालं तर काढता-घालता येणारा एकच दात दाढेच्या जागी चावायला खरंच कामाचा असतो का, तेवढं सांगाल?