मदत हवी आहे: प्रत्येक गावाचं वेगळं सबडोमेन करावं का? आणि नाव कसं ठेवावं?

केळीवाला रावेर

नमस्कार मंडळी. आमचा रावेर भागातला केळी उत्पादकांचा गट आहे. वेबसाइट आहे, डोमेन गटाच्या नावावर घेतलंय. खरं नाव इथे देत नाही, 'आमचंनाव.इन' धरून चाला. (पत्ते देवनागरीत लिहितोय, प्रत्यक्षात इंग्रजी लिपीतच आहेत.)

रावेर, सावदा, यावल, चोपडा अशी आमची केंद्रं. प्रत्येक केंद्राचा रोजचा भाव आणि गाड्यांचं वेळापत्रक लोकांना मोबाइलवर दिसावं, एवढीच गरज. बऱ्हाणपूरचा भाव सकाळीच व्हॉट्सअॅपवर फिरतो, आणि आमचाच आमच्या माणसांना कळत नाही.

साइट बनवणाऱ्या पोराने डोमेनच्या डावीकडे गावाचं नाव जोडून 'रावेर.आमचंनाव.इन' हे सबडोमेन केलं, ते नीट उघडतं. मग त्याने 'भाव.रावेर.आमचंनाव.इन' केलं, तर ब्राउझर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून लाल पाटी दाखवतो. तो म्हणतो, सगळ्या सबडोमेनला चालणारं सर्टिफिकेट (पत्ता खरा असल्याचा ब्राउझरला दाखवायचा दाखला) घेतलंय. मग अडतंय कुठे? आणि अशा प्रत्येक नावाचे वेगळे पैसे लागतात का?

तापीकाठ

पैशाचं आधी. डोमेनचे वर्षाला पैसे भरले की त्याच्या डावीकडे काय लावायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं, रजिस्ट्रारला (डोमेन विकणाऱ्या कंपनीला) विचारावं लागत नाही. डीएनएसच्या (कुठलं नाव कुठल्या सर्व्हरवर जातं त्या यादीच्या) पानावर एक नोंद टाकायची, बस. सर्व्हरचा आकडी पत्ता द्यायचा असेल तर 'ए' नोंद, दुसऱ्या नावाकडे बोट दाखवायचं असेल तर 'सीनेम'. अगदी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू हेसुद्धा एक सबडोमेनच आहे.

पत्ता उजवीकडून वाचायची सवय लावा. पाकिटावर गाव, तालुका, जिल्हा लिहितो तसंच, सगळ्यात मोठं शेवटी. 'इन' देशाचं, त्याआधी तुमचं नाव, त्याच्या पोटात रावेर, रावेरच्या पोटात भाव.

लाल पाटीचं कारण इथेच आहे. तुमचं सर्टिफिकेट '*.आमचंनाव.इन' असं असणार. ती चांदणी फक्त एका पायरीपुरती चालते. 'रावेर' बसतं, 'भाव.रावेर' या दोन पायऱ्या झाल्या, त्या बसत नाहीत. नुसतं 'आमचंनाव.इन'सुद्धा त्या चांदणीत येत नाही, ते वेगळं लिहून घ्यावं लागतं. पोराला सांगा, मधला टिंब काढून आडवी रेघ घाल: 'भाव-रावेर.आमचंनाव.इन'. एकच पायरी, काम झालं.

नावात अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच ठेवा. रेघ सुरुवातीला किंवा शेवटी नको. अंडरस्कोर नको. दोन टिंबांमधला तुकडा 63 अक्षरांच्या वर जात नाही, पण तुमच्या केळीवाल्याला 10 अक्षरांच्या वर टाइप करायला लावू नका.

भुसावळचा नाना

माझं मत जरा वेगळं आहे भो. चार गावांना चार सबडोमेन कशाला? 'आमचंनाव.इन/रावेर' असं पान करा ना. सबडोमेन तेव्हा, जेव्हा सर्व्हर वेगळा, सॉफ्टवेअर वेगळं, नाहीतर सांभाळणारा माणूस वेगळा. महाभूमीचं बघा. सातबारा नुसता बघायचा तर 'भूलेख', डिजिटल सहीचा पैसे भरून काढायचा तर 'डिजिटलसातबारा', दोन्ही 'महाभूमी.जीओव्ही.इन'च्याच पोटात. कामं वेगळी, म्हणून नावं वेगळी.

एक फरक ध्यानात ठेवा. टिंबांच्या भागात लहान-मोठी लिपी सारखीच, पण तिरप्या रेघेनंतर बऱ्याच सर्व्हरवर फरक पडतो. तिथे सगळं लहान लिपीतच ठेवा.

आणि उजवीकडून वाचायचं हे गटातल्या माणसांनाही शिकवा. 'पीएमकिसान.जीओव्ही.इन' सरकारी. 'पीएमकिसान-जीओव्ही.इन' असं काही आलं तर ते टिंबाच्या जागी रेघ मारून कोणीही घेतलेलं असू शकतं. लोक डावीकडचं ओळखीचं नाव बघतात आणि ओटीपी देऊन मोकळे होतात.

केळीवाला रावेर

नाना, पटलं. पण स्पेलिंगचं काय? सावद्याच्या 'व'ला कोणी व्ही लावतो, कोणी डब्ल्यू, मध्ये ए घालणारे वेगळेच. यावल, चोपडा, तीच गत.

तापीकाठ

एक स्पेलिंग ठरवा आणि पावतीवर, बोर्डावर, सगळीकडे तेच छापा. बाकीची स्पेलिंगं सबडोमेन म्हणून नोंदवून मुख्य पानाकडे वळवा, एका पायरीची असल्यामुळे सर्टिफिकेट चालेल. तिरप्या रेघेची पानं असतील तर सर्व्हरवरच वळवणी लावा. वजनकाट्याच्या पावतीवर क्यूआर छापलात तर टाइप करायचा प्रश्नच मिटतो.

'.भारत' 2014 पासून देवनागरीत मिळतं, हौस असेल तर घ्या. आतून मात्र तो पत्ता 'एक्सएन' आणि दोन रेघांनी सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांचाच होतो. काही ठिकाणी लिंक तशीच दिसते, आणि ती बघून म्हातारी माणसं दचकतात. जोडीला ठेवा, एकट्यावर विसंबू नका.

अजून एक. हंगामापुरती कुठली भाड्याची सेवा घेऊन तिला सबडोमेन जोडलं असेल, तर सेवा बंद करताना ती सीनेम नोंदही काढा. राहिली तर तिकडे ती जागा दुसरा कोणी घेऊ शकतो, आणि मग तुमच्या नावाखाली त्याचं पान उघडतं.

केळीवाला रावेर

ठरलं. गावांची पानं तिरप्या रेघेने, आणि भावाचं सॉफ्टवेअर वेगळं असल्यामुळे तेवढं 'भाव.आमचंनाव.इन'. फक्त रावेरच्या काट्यावर 'भाव.रावेर' असा बोर्ड रंगवून झालाय. तो पत्ता नवीनकडे वळवला तर चालेल ना?

तापीकाठ

नुसतं वळवून नाही चालणार. ब्राउझर आधी सर्टिफिकेट तपासतो, वळवणी नंतर होते, म्हणजे लाल पाटी आधीच येईल. तेवढं एक नाव पूर्ण लिहून सर्टिफिकेटमध्ये घ्या. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट मिळतं, एका सर्टिफिकेटात अनेक नावं बसतात. मुदत कमी असते, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल असं पोराकडून लावून घ्या. मग वळवा.