ओएलईडी टीव्हीवर एचडीआर ग्रेडिंग: हळदीचा पिवळा सपाट दिसतोय

विश्रामबागकर:
मंडळी, सांगली मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांवर छोटी फिल्म करतोय. शूट एस-लॉग३ (सोनीचं फिकट रेकॉर्डिंग, रंग नंतर चढवायचे), ग्रेडिंग म्हणजे रंग-उजेड जुळवणं रिझॉल्व्ह स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये, फायनल एचडीआर१० (जास्त उजेड-रंगांचा व्हिडिओ). ग्रेडिंग मॉनिटर परवडत नाही, म्हणून हॉलमधला ५५ इंची ओएलईडी थेट ग्राफिक्स कार्डाला जोडलाय. उन्हात ओतलेल्या हळकुंडांचा क्लोजअप स्कोपवर (सिग्नलचा आलेख) ७०० निट्सच्या (उजेडाचं माप) आत आहे, पण टीव्हीवर ढिगाचा नुसता पिवळा पत्रा दिसतो. मोड ‘सिनेमा’च आहे. टीव्हीचे रंग मोजून जुळवायचं, म्हणजे कॅलिब्रेशनचं मीटर घेऊ का?

मिरजवाला:
मीटर राहू दे भावा, आधी टीव्हीचा शहाणपणा बंद कर. डायनॅमिक टोन मॅपिंग (सीनप्रमाणे उजेड आपोआप बदलणं), एनर्जी सेव्हिंग, लाइट सेन्सर, मोशन स्मूदिंग, सगळं. नाहीतर तो प्रत्येक सीनला आपल्या मनाने हायलाइट खालीवर करणार आणि तू बसणार त्याच्याशी भांडत. मेनूत एचजीआयजी नावाचा एचडीआर पर्याय असेल तर तो लाव. पॅनेलला झेपतं तिथवर पीक्यू कर्व्ह (सिग्नलचा कुठला आकडा म्हणजे किती निट्स, ते ठरवणारा) जसाच्या तसा, पुढचं सरळ कापलं जातं.

ग्राफिक्स कार्डावरून गेलं की ऑपरेटिंग सिस्टिम मध्येच तोंड घालते. जमलं तर डेकलिंक किंवा अल्ट्रास्टुडिओ (फक्त व्हिडिओ बाहेर काढायची उपकरणं) घे, त्यातून १०-बिट सिग्नल पाठव, रिझॉल्व्हमध्ये एचडीएमआयवरून एचडीआर मेटाडेटा पाठवायचा पर्याय चालू कर. लेव्हल्स (काळ्या-पांढऱ्याचे आकडे) रिझॉल्व्ह आणि टीव्ही दोन्हीकडे सारख्या हव्यात. एकीकडे ६४ ते ९४० आणि दुसरीकडे फुल (० ते १०२३) झालं की काळा राखाडी होतो, नाहीतर सावल्या बुडतात.

आता हळद. पांढऱ्या सबपिक्सेलवाला (लाल-हिरव्या-निळ्यासोबत पांढराही ठिपका असलेला) ओएलईडी असेल, तर जाहिरातीतले निट्स हे पांढऱ्याचे असतात. भडक रंगाला तो सबपिक्सेल मदतीला आला की रंग फिकटतो. त्यामुळे ७०० निट्सचा पिवळा त्याला झेपतच नाही. शिवाय बीटी.२४०८ या एचडीआरच्या मार्गदर्शक दस्तऐवजात डिफ्यूज व्हाइट (कोऱ्या कागदासारखा साधा पांढरा) २०३ निट्स धरलाय. उन्हात असली तरी हळद काही कोऱ्या कागदापेक्षा उजळ नसते, मग ७०० कशाला? तिला २०३च्या खाली आण, वरची जागा वजनकाट्याच्या पत्र्यावरच्या चमकेला ठेव. गॅमट (रंगांचा आवाका) सुद्धा पी३-डी६५ या सिनेमाच्या रंगमर्यादेपुरता ठेव.

गावभागकर:
टीव्हीमागची भिंत कुठल्या रंगाची आहे? आमची पिस्ता होती, चित्र उगाच गुलाबी वाटायचं. मी राखाडी पडदा सोडला आणि टीव्हीमागे ६५०० केल्विनची मंद पट्टी लावली. बीटी.२१०० या एचडीआर मानकात पडद्याच्या आजूबाजूचा उजेड ५ निट्स सांगितलाय, म्हणजे ट्यूबलाइट बंदच.

विश्रामबागकर:
एचजीआयजी लावून पिवळा खाली आणला. हळकुंडांवरच्या वळ्या दिसायला लागल्या! भिंत पोपटी आहे, बायको रंगाला हात लावू देणार नाही, पडदाच लावतो. मीटरचं काय मग?

मिरजवाला:
आता घे. कलरिमीटर (फिल्टरमधून रंग मोजणारं मीटर) असेल तर सॉफ्टवेअरमध्ये तुझ्या पॅनेलचं करेक्शन लाव, नाहीतर पांढराच चुकीचा मोजेल. टीव्ही अर्धा तास तापू दे, मोजायचा चौकोन (पॅच) स्क्रीनच्या १० टक्क्यांचाच ठेव, फुल स्क्रीन पांढऱ्याला एबीएल (आपोआप ब्राइटनेस आवरणारी सोय) ब्राइटनेस पाडतो. मोजणीचं एचसीएफआर सॉफ्टवेअर फुकट मिळतं. दोन पॉइंटचा (एक उजळ, एक गडद) व्हाइट बॅलन्स डी६५ला, म्हणजे व्हिडिओच्या प्रमाण पांढऱ्याला आण आणि थांब. वीस पॉइंटच्या नादी लागलास तर आभाळात पट्टे दिसायला लागतील.