स्टँडर्ड लायब्ररी छोटी ठेवली की जबाबदारी संपते का?

नाइटलीवाला

"रस्टची स्टँडर्ड लायब्ररी लहान आहे हेच तिचं बळ. रँडम नंबर हवा तर क्रेट घ्या, त्यात रडण्यासारखं काय आहे?" असं एकाने ठणकावून लिहिलं आणि खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. एका ओळीत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून हा वेगळा धागा. (नव्यांसाठी: रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा, स्टँडर्ड लायब्ररी म्हणजे एसटीडी हा तिच्यासोबतच येणारा कोड, क्रेट म्हणजे बाहेरून घ्यायचं पॅकेज.)

रँडमचंच घेऊ. ऑपरेटिंग सिस्टिमकडून रँडम बाइट्स मागणारा कोड एसटीडीच्या आत आजही आहे. हॅशमॅप या टेबलला लागणाऱ्या सिपहॅश अल्गोरिदमच्या गुप्त किल्ल्या त्यातूनच येतात. लिनक्स, विंडोज, मॅक, सगळीकडे चालणारा, तपासलेला कोड. पण स्टेबलवर, म्हणजे कंपायलरच्या पक्क्या आवृत्तीवर, तो कुणाच्या हाती लागत नाही. मग लोक काय करतात? रँडमस्टेट (या किल्ल्या धरणारा टाइप) तयार करतात, त्यातून हॅशर काढतात, त्यात काहीही न घालता थेट फिनिश मारतात आणि आलेला ६४ बिटांचा आकडा रँडम म्हणून वापरतात. त्या थ्रेडमध्ये खरी किल्ली एकदाच आलेली असते, पुढच्या प्रत्येक रँडमस्टेटसाठी तिच्यात नुसता १ मिळवला जातो. या आकड्यातून कुणी टोकन बनवलं तर दोष कुणाचा?

बरं, सरळ मार्गाने जा. रँड क्रेट ०.८ वरून ०.९ वर जाताना थ्रेड_आरएनजीचं आरएनजी झालं, जेनचं रँडम झालं, जेन_रेंजचं रँडम_रेंज झालं, कारण २०२४ एडिशनमध्ये (एडिशन म्हणजे प्रत्येक क्रेटने निवडायची भाषेची आवृत्ती) जेन हा राखीव शब्द आहे. कारण पटण्यासारखं आहे. पण तिच्या खालची, ओएसकडून बाइट्स आणणारी गेटरँडम क्रेटही ०.२ वरून ०.३ झाली. एक डिपेंडन्सी जुन्यावर, दुसरी नव्यावर, की लॉकफाइलमध्ये (डिपेंडन्सींच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) दोन्ही येतात. वेबअसेम्ब्लीसाठी बिल्ड करताना ०.२ ला जेएस फीचर लागतं. ०.३ आली तेव्हा तिला वासम_जेएस फीचर आणि वर रस्टफ्लॅग्जमध्ये बॅकएंडचा सीएफजी, असं दोन्ही लागत होतं. एकाची सोय केली की दुसरी बिल्ड पाडते. सोळा रँडम बाइट्ससाठी एवढा उपद्व्याप, आणि याला बळ म्हणायचं?

टप्पा_दोन

चिडणं समजतं, निष्कर्ष पटत नाही. क्रेटचं ०.८ चं ०.९ होऊ शकतं. एसटीडीचं २.० कधीच होणार नाही. १५ मे २०१५ ला १.० आलं, तेव्हापासून स्टेबल झालेली प्रत्येक गोष्ट पदरी पडली आणि पवित्र झाली. न भरलेली मेमरी देणारं मेम::अनइनिशियलाइझ्ड बूलसाठी वापरलं तरी अनडिफाइन्ड बिहेविअर होतं, म्हणजे काहीही घडू शकतं. ते १.३९ मध्ये डेप्रिकेट केलं, म्हणजे 'वापरू नका' असा शिक्का मारला, पण काढता येत नाही. एररमधलं डिस्क्रिप्शन कुणी वापरू नये असं सगळेच सांगतात, तरी ते ट्रेटमध्ये (टाइपने पुरवायच्या मेथडची यादी) बसून आहे.

आणि थ्रेडमधून थ्रेडकडे संदेश पाठवणारं एसटीडीतलं चॅनल, एम्पीएससी, विसरू नका. रिसीव्ह_टाइमआउटमध्ये पॅनिक होतो अशी तक्रार २०१७ ची. ती मिटली १.६७ मध्ये, म्हणजे जानेवारी २०२३ ला, तीही क्रॉसबीम या क्रेटचा कोड आत आणल्यावर. तोवर ज्यांना खरंच चॅनल हवं होतं ते क्रॉसबीमच वापरत होते. रिसीव्हर एकच, हे बंधन स्टेबलवर अजूनही तसंच आहे, कारण एपीआय २०१५ चा आहे.

रँड २०१५ मध्ये एसटीडीत गेलं असतं तर आज आपण तेव्हाचा एपीआय भोगत असतो.

नाइटलीवाला

एम्पीएससीचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. एपीआयला धक्का न लावता आतलं सगळं बदललं आणि कुणाला एक ओळ बदलावी लागली नाही. हॅशमॅपचंही तेच. १.३६ मध्ये हॅशब्राउन क्रेट आत आली, फक्त कंपायलर अपडेट करणाऱ्यालाही नवं टेबल मिळालं. आतलं बदलता येतं हे तुम्हीच दाखवून दिलंत.

युजरचं होम फोल्डर सांगणारं होम_डिर बघा. विंडोजवर होम व्हेरिएबल सेट असेल तर ते चुकीचं उत्तर द्यायचं. २०१८ मध्ये १.२९ ला त्याच्यावर डेप्रिकेटेडचा शिक्का मारला आणि सगळ्यांना क्रेटकडे पिटाळलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये १.८५ ला वागणूक दुरुस्त केली, १.८७ ला शिक्का काढला. दुरुस्ती शक्य होती, सहा वर्षं कुणी मनावर घेतली नाही.

गोफण

गो भाषा वापरणाऱ्यांना हा वादच कळत नाही. एचटीटीपी, टीएलएस, जेसॉन, क्रिप्टो, सगळं आत. रँडमचा जुना एपीआय चुकला होता, तर १.२२ मध्ये मॅथ/रँड/व्ही२ आलं. जुनं आहे तिथेच आहे, नवं शेजारी आहे. चूक सुधारायला २.० लागत नाही, इम्पोर्टच्या मार्गात व्ही२ लिहिलं की झालं.

पॅचकरी

झालं म्हणता, पण पॅच कसा पोचतो ते सांगत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये एचटीटीपी/२ चं रॅपिड रीसेट प्रकरण (विनंत्या पाठवून लगेच रद्द करत सर्व्हर दमवणारा हल्ला) आलं. गोमध्ये एचटीटीपी/२ चा कोड एसटीडीतच गुंडाळून ठेवलेला, म्हणून दुरुस्ती १.२१.३ आणि १.२०.१० मध्ये आली. गो शेवटच्या दोनच मोठ्या आवृत्त्यांना पॅच देतं. १.१९ वर अडकलेल्यांना आधी अख्खी टूलचेन (कंपायलर आणि सोबतची साधनं) बदलायची, मग प्रत्येक बायनरी पुन्हा बिल्ड करायची. लायब्ररी बाहेर असती तर टूलचेनला हात न लावता एक ओळ बदलून, पुन्हा बिल्ड करून भागलं असतं. हाच कोड असलेली बाहेरची लायब्ररी एक्स/नेट थेट वापरणाऱ्यांचं ०.१७.० घेऊन तेवढ्यावर भागलंच.

रस्टही यातून सुटलेलं नाही. विंडोजवर कमांडने (दुसरा प्रोग्राम चालवणारा एसटीडीतला टाइप) बॅच फाइल चालवताना आर्ग्युमेंट नीट एस्केप होत नव्हते, ते ९ एप्रिल २०२४ ला १.७७.२ मध्ये दुरुस्त झालं. ते एसटीडीत होतं म्हणून १.७० वर बसलेल्यांना काहीच मिळालं नाही. जितकं आत टाकाल तितके पॅच टूलचेनला बांधले जातील, आणि टूलचेन बदलायला लोक सर्वात जास्त घाबरतात.

मोनोमॉर्फ

"आत असेल तर बिल्ड पटकन होईल" असं कुणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच सांगतो. एसटीडी कंपाइल होऊन येते हे खरं, पण जेनेरिक कोड (कोणत्याही टाइपला चालणारा) तुमच्या क्रेटमध्येच पुन्हा उगवतो. व्हेक, हॅशमॅप, इटरेटरच्या साखळ्या, सगळ्याचं मोनोमॉर्फायझेशन, म्हणजे प्रत्येक टाइपसाठी कोडची वेगळी प्रत काढणं, तुमच्याकडे. डेटाचं रूपांतर करणारी सर्डे क्रेट आत नेली तरी डिराइव्हमधून पसरणारा कोड तुमच्याच खात्यावर. वाचेल तो फक्त सिन, क्वोट वगैरे प्रॉक-मॅक्रोच्या (कोड लिहून देणारा कोड) क्रेट कंपाइल करण्याचा वेळ. रस्टचं बिल्ड साधन कार्गो, त्याच्या बिल्ड कमांडला टाइमिंग्जचा पर्याय १.६० पासून स्टेबल आहे. चालवा, टार्गेटमधली एचटीएमएल फाइल उघडा, शेवटची लांब पट्टी कसली आहे बघा आणि मग बोला.

लॉकफाइल

तुम्ही सगळे मोठी-छोटी करत बसलात. एसटीडीत नवीन मॉड्यूल कशाला, एक इम्प्ल (टाइपला ट्रेट लागू करणारा कोड) टाकली तरी लोकांचं बिल्ड पडतं, त्याचं काय?

२५ जुलै २०२४, रस्ट १.८०. बॉक्स<स्ट्र>साठी फ्रॉमइटरेटर (कलेक्टने गोळा करून टाइप बनवू देणारा ट्रेट) आलं. दिसायला निरुपद्रवी. टाइम क्रेटमध्ये कलेक्ट करताना रिझल्ट<बॉक्स<_>, _> असं लिहिलेलं होतं, बॉक्समध्ये काय ते कंपायलरवर सोडलेलं. तोवर बॉक्ससाठी एकच इम्प्ल होती, बॉक्स<[टी]>ची. एकच आहे म्हटल्यावर कंपायलर डोळे मिटून ती भरायचा. दुसरी आली आणि तो अडला: ई०२८२, टाइप अ‍ॅनोटेशन हवं. ०.३.३५ च्या आधीची टाइम लॉकफाइलमध्ये असेल तर बिल्ड खलास. कार्गो इन्स्टॉलला लॉक्ड लावणाऱ्यांची तर पंचाईतच. नीट, शिस्तीने जुनी लॉकफाइल पाळली म्हणून तुटलं, न पाळणाऱ्यांचं चाललं.

स्थिरतेचं वचन देणाऱ्या भाषेत हे चालवून घेतलं गेलं. मला याचाच राग आहे.

टप्पा_दोन

वचन काय आहे ते नीट वाचा. इन्फरन्स (न लिहिलेला टाइप कंपायलरने ओळखणं) तुटणं हा किरकोळ बदल, हे नियमात १.० च्या काळापासून लिहिलेलं आहे. नाहीतर एसटीडीत कोणत्याही टाइपला एकही नवी इम्प्ल देता येणार नाही. मोठ्या बदलांआधी क्रेटर चालवतात, हजारो क्रेट जुन्या आणि नव्या कंपायलरवर बांधून फरक बघतात. शिवाय १.८० येण्याआधीच ०.३.३५ उपलब्ध होती. कार्गो अपडेट टाइम, एवढंच करायचं होतं.

लॉकफाइल

"एवढंच"? क्रेटरला खासगी कोड दिसत नाही. दोन वर्षांपूर्वीचा टॅग पुन्हा बांधायचा असेल तर त्या टॅगमधली लॉकफाइल कोण अपडेट करणार? आणि गोष्ट इतकी किरकोळ होती तर नंतर कंपायलरमध्येच "टाइम क्रेटची ही चूक १.८० मधल्या एपीआय बदलामुळे आहे, ०.३.३५ किंवा पुढची घ्या" अशी एका क्रेटच्या नावाने खास सूचना का घालावी लागली? नियमात बसतं म्हणून लोकांच्या डोक्यावर ओझं टाकायचं, हे बरोबर नाही.

गोफण

गोमध्ये लूप व्हेरिएबलचा अर्थ १.२२ ला बदलला, पण गो.मॉडमध्ये १.२२ लिहिलेलं असेल तरच. एचटीटीपी मार्ग ठरवणाऱ्या सर्व्हमक्सचे पॅटर्न बदलले, तर गोडीबग या सेटिंगमधून जुनं वागणं परत मागता येतं. रस्टकडे एडिशन आहेत ना? इम्प्ल एडिशनच्या मागे लपवायची होती.

मोनोमॉर्फ

लपवता येत नाही, आणि हे सोडून देण्यासारखं नाही. इम्प्ल संपूर्ण प्रोग्रामला लागू असते. २०१८ ची क्रेट आणि २०२४ ची क्रेट एकाच बायनरीत असतात. एकीला बॉक्स<स्ट्र> फ्रॉमइटरेटर वाटतो आणि दुसरीला नाही, असं झालं तर दोघींमधल्या जेनेरिक फंक्शनने काय मानायचं? कोहेरन्सच मोडते, म्हणजे एका टाइपसाठी ट्रेटचं उत्तर सगळीकडे एकच असावं हा नियम.

१.५३ मध्ये अ‍ॅरेला इन्टूइटरेटर दिलं तेव्हा एडिशनचा आडोसा घेतला, पण फक्त डॉट लावून केलेल्या मेथड कॉलसाठी. इम्प्ल सगळ्या एडिशनमध्ये होतीच. २०२१ च्या आधीच्या कोडमध्ये अ‍ॅरेवर .इन्टू_इटर लिहिलं तर शोधताना अ‍ॅरेची इम्प्ल वगळायची आणि स्लाइसवर जायचं, असा खास अपवाद कंपायलरमध्ये आहे. टाइमच्या बाबतीत मेथड कॉलचा प्रश्न नव्हता, प्रश्न रिकाम्या '_' चा होता. तिथे हा उपाय चालत नाही. गोमध्ये इम्प्ल मोजून टाइप ओळखणं हा प्रकारच नाही, म्हणून तुलना गैरलागू.

मेथडच्या नावांचंही बघा. इटरेटरमधलं इंटरस्पर्स २०२१ पासून भिजत घोंगडं आहे, कारण इटरटूल्स क्रेटमध्ये त्याच नावाची मेथड आहे आणि स्टेबल केलं की दोन नावं एकमेकांवर आदळतात.

लॉकफाइल

एडिशनचं मान्य, तो मुद्दा सोडला. पण लिंट तर देता आला असता? "ही जागा एकाच इम्प्लवर विसंबून आहे" एवढी धोक्याची घंटा दोन आवृत्त्या आधी वाजवली असती तर काय बिघडलं असतं?

मोनोमॉर्फ

प्रत्येक '_' वर वाजली असती. कलेक्ट असलेल्या कोणत्याही कोडमध्ये अशा शेकडो जागा निघतील आणि लोक पहिल्याच दिवशी लिंट बंद करतील. जपायचं असेल तर लायब्ररी लिहिणाऱ्याने बॉक्स<_> ऐवजी बॉक्स<[_]> लिहावं. दोन कंस जास्त, पण मग दहा इम्प्ल आल्या तरी फरक पडत नाही.

टप्पा_दोन

लॉकफाइल, एक गोष्ट कबूल करतो, जिवावर येतंय तरी. नाइटलीतून (रोज निघणारी प्रायोगिक आवृत्ती) बीटा, मग सहा आठवडे बीटा, मग स्टेबल. इतकी वापरली जाणारी क्रेट तुटते हे कळल्यावर त्या सहा आठवड्यांत इम्प्ल मागे घेता आली असती, आणि घ्यायला हवी होती. नियमात बसणं आणि शहाणपणाचं असणं यात फरक आहे. पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो: एक इम्प्ल एवढं करते तर आख्खं रँड आत नेल्यावर काय होईल?

नाइटलीवाला

आख्खं रँड आत न्या असं कोण म्हणतंय? वर पुन्हा वाचा. नाइटलीवर रँडम नावाचं फीचर २०२४ पासून आहेच. ते स्टेबल करा एवढीच मागणी आहे.

टप्पा_दोन

नुसतं "हा बफर ओएसच्या रँडम बाइट्सनी भरून द्या" एवढं असेल तर माझी हरकत नाही. सीड (मालिका जिथून सुरू होते तो आकडा) नको, डिस्ट्रिब्युशन नको, जनरेटरची निवड नको. अल्गोरिदम एकदा स्टेबल केला की त्याच सीडवर तीच मालिका यावी अशी अपेक्षा जन्माला येते, आणि मग तो कधीच बदलता येत नाही.

नाइटलीवाला

बाइट्स आणि रेंज, दोन्ही लागतील. नुसते बाइट्स दिले तर लोक पहिल्याच दिवशी एक बाइट घेऊन % ६ करतील. २५६ ला ६ ने भागलं की ४ उरतात, म्हणजे ० ते ३ प्रत्येकी ४३ वेळा येणार आणि ४, ५ फक्त ४२ वेळा. २५२ किंवा वरचा बाइट आला तर फेकून पुन्हा मागायचा, हे किती जण लिहितील?

टप्पा_दोन

फार थोडे. ठीक आहे, रेंज घ्या, पण फक्त पूर्णांकांची. फ्लोटची, म्हणजे दशांश आकड्यांची, मागणी आली की मी पुन्हा आडवा येणार, कारण ० ते १ मध्ये १ धरायचा की नाही यावर दोन वर्षं जातील.