मदत हवी आहे: माळ घातली, पण मन ध्यानात रमतं

मंडळी, जरा गोंधळ झालाय. माहेरी बाबा माळकरी, आषाढीची वारी चुकवत नाहीत. सासूबाई दत्तभक्त, दत्तजयंतीआधी गुरुचरित्राचा सप्ताह, सोवळं इतकं कडक की मी उंबऱ्यावरच थांबते. दोघांचं एकमेकांशी छान जमतं, हे विशेष!

अडकलेय ती मीच. मागच्या कार्तिकीला बाबांच्या आग्रहाने माळ घातली. एकादशी, हरिपाठ सगळं करते, पण दहाव्या अभंगापर्यंत लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे गेलेलं असतं. उलट पहाटे नुसतं श्वासाकडे बघत बसले की वीस मिनिटं कशी जातात कळत नाही. बाबा म्हणतात, "नाम सोडून काय शोधतेस?"

पण ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं केवढं बारीक वर्णन आहे! माउलींची गुरुपरंपराही नाथ संप्रदायाचीच. मग ध्यान परकं कसं? (बाराव्या अध्यायाचा कल भक्तीकडे आहे, ते बाबा लगेच दाखवतात.)

माळ घालून ध्यान करणारं कुणी आहे का इथे? नाम आणि श्वास एकत्र कसे जमवलेत? आणि सहावा अध्याय नीट उलगडणारी सार्थ प्रत कोणती घेऊ? बाबांना न दुखवता काय सांगावं, तेही सुचवा.