इथली नोकरी तिकडे किती धरतात? तुमचे अनुभव लिहा

मुलुंडकर
माझा धाकटा भाऊ ऐरोलीत टेस्टिंगमध्ये आहे, सहा वर्षं झाली, आता कॅनडाच्या पीआरचं, म्हणजे तिकडे कायम राहायच्या परवानगीचं, मनावर घेतलंय. रविवारी दोघं पॉइंट मोजायला बसलो. आत शिरायला जे 67 लागतात त्यात त्याची सहा वर्षं पूर्ण धरतात, 15 पैकी 15, पण नंतर रँकिंग ज्या सीआरएस नावाच्या दुसऱ्या पॉइंटांवर लागतं तिथे इथली नोकरी तीन वर्षांच्या पुढे वाढतच नाही, तीन काय नि सहा काय सारखंच, आणि तेही इंग्लिश चांगलं असेल तर, म्हणजे आयेल्ट्सला लिसनिंग 8 नि बाकी तिन्ही 7 आले तर 50 मिळतात. उलट तिकडे एक वर्ष काम केलं की एकट्या माणसाला सरळ 40. तो जेवताना काही बोललाच नाही, मला फार वाईट वाटलं. ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा ना, कुठल्याही देशाचं चालेल, कागद काय लागले, कुठे अडलं.

अंधेरीची अकाउंटंट
दादा, पॉइंट नंतर मोजा, आधी भावाच्या कंपनीकडच्या अनुभवाच्या लेटरचं बघा. माझं डेझिग्नेशन अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह होतं, पण मी फायनलायझेशन, जीएसटी, ऑडिटची तयारी सगळं करायचे. एचआरने दोन ओळींचं लेटर दिलं, या तारखेपासून या तारखेपर्यंत होत्या, वर्तन चांगलं, बस. तिकडे डेझिग्नेशन बघत नाहीत, रोज काय करता ते बघतात आणि त्यावरून एनओसी कोड, म्हणजे कॅनडाच्या सरकारी कामांच्या यादीतला नंबर, ठरतो. त्या यादीत कामाच्या पायऱ्या असतात, त्यांना टीअर म्हणतात, आकडा मोठा तितकी पायरी खालची. अकाउंटंट धरलं तर टीअर 1, क्लार्क धरलं तर टीअर 4, आणि टीअर 4 चा अनुभव चालतच नाही. म्हणजे पाच वर्षं शून्य! लेटरवर कामं, आठवड्याचे तास, पगार, सगळं हवं. एचआर म्हणे आमच्या पॉलिसीत बसत नाही. तीन महिने चकरा मारल्या, शेवटी माझ्या जुन्या मॅनेजर मॅडमनी स्वतःच्या सहीने कामं लिहून दिली, त्याला एचआरचं लेटर, सॅलरी स्लिप, फॉर्म 16, पीएफचं पासबुक जोडलं आणि असं का केलं ते एका पानावर खरंखरं लिहिलं. चाललं. एका एजंटने मधे सांगितलं होतं की एनओसीच्या साइटवरची वाक्यं उचला नि एक वर्ष वाढवून घ्या, तसं अजिबात करू नका, खोटं सापडलं तर पाच वर्षं बंदी.

ठाणे ते मेलबर्न
ऑस्ट्रेलियाचं वेगळंच. आमच्या आयटीवाल्यांचं असेसमेंट एसीएस, म्हणजे तिकडची ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी, करतं. 2019 ला माझी सात वर्षं होती, डिग्री कामाशी नीट जुळत नाही म्हणून चार वर्षं कापली, उरली तीन, त्याचे फक्त 5 पॉइंट. तीच तीन वर्षं इथली, ऑस्ट्रेलियातली असती तर 10.

बोरिवलीची आई
माझ्या मुलीचं सांगते. टोरांटोला शिकत असताना दुकानात काम करायची, आम्हाला वाटलं चला अनुभव जमतोय. तिकडच्या कामावर पीआर मिळायचा जो मार्ग आहे, कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास, त्यात फुल टाइम शिकत असतानाचं काम धरतच नाहीत हे कोर्स संपल्यावर कळलं. मग वर्क परमिटवर आठ महिने कॅशियर, तेही धरलं नाही, कारण ते टीअर 5. त्याच दुकानात सुपरवायझर झाली तेव्हापासून घड्याळ सुरू झालं, 1560 तास भरायचे होते. फोनवर रडायची पोर, मी इथे देवासमोर बसायचे. झालं आता तिचं, पण पहिल्या दिवशी कुणी हे सांगितलं असतं तर तिचे ते आठ महिने गेले नसते.

परळचा फ्रीलान्सर
स्वतःचा धंदा असला तर इथला धरतात बरं का, पण क्लायंटची पत्रं, बिलं, बँकेत आलेले पैसे आणि आयटीआर जुळायला हवेत. मी निम्मे पैसे कॅश घ्यायचो, ती दोन वर्षं मला दाखवताच आली नाहीत. आणि तिकडे जाऊन फ्रीलान्स केलं तर ते त्या कॅनेडियन क्लासमध्ये मोजत नाहीत, हे माझ्या मित्राला उशिरा कळलं.

मुलुंडकर
अंधेरीच्या ताई, तुमचं भावाला वाचून दाखवलं. त्याच्या पहिल्या कंपनीचं लेटर काढून बघितलं, दोन ओळीच आहेत. त्याचा तेव्हाचा टीम लीड आता पवईला असतो, शनिवारी दोघं जातोय. काकू, मुलीला आमच्याकडून अभिनंदन सांगा.