मदत हवी आहे: बिनदुधाचं हॉट चॉकलेट दरवेळी फाटतं

चुलीवरचा_चहा (दारव्हा)
पोराला दूध चालत नाही. घरच्या सोयाबीनचं दूध काढून त्यात कोको अन् गूळ टाकून हॉट चॉकलेट करून राहिलो. तिन्ही वेळा फाटलं. वर गुठळ्या, खाली मळकट पाणी, अन् कच्च्या सोयाबीनचा वास वेगळाच. संध्याकाळी पुन्हा करायचं आहे, लवकर सांगा. विकतच्या डब्याचं नाव सुचवू नका, इथे मिळत नाही.

काटोलकर
शेळीचं दूध द्या ना भाऊ. हलकं असते.

माई_वर्धा
काटोलकर, इचारलं काय अन् सांगता काय! लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, शेळीच्या दुधातही असतंच. धागाकर्ते, दूध पचत नाही की अ‍ॅलर्जी आहे? अ‍ॅलर्जी असेल तर गाय, म्हैस, शेळी, तुमचं ते देशी गायीचं म्हणून विकतात ते ए-टू दूध, सगळंच बाद. आणि कोको साधा आहे की 'ड्रिंकिंग चॉकलेट'? त्यात साखरच जास्त असते, काहींत दुधाची पावडरही. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा.

चुलीवरचा_चहा
पचत नाही, पोट फुगतं. कोको साधा, बिनसाखरेचा. आता सांगता का?

सोयावाला_मेहकर
तीन गोष्टी सांगा. पाणी बोअरचं का? गूळ उकळत्या दुधात टाकता का? आणि सोयाबीन पेरणीचं उरलेलं तर नाही ना? बीजप्रक्रिया केलेलं, रंग लावलेलं बियाणं असेल तर ते बुरशीनाशक आहे, धुऊन जात नाही. ते फेकाच.

चुलीवरचा_चहा
सोयाबीन खळ्यावरचं, बिनऔषधाचं. पाणी बोअरचं. गूळ उकळी आली की टाकतो. दुसरं कधी टाकणार?

सोयावाला_मेहकर
मग तुम्ही चॉकलेट नाही, टोफू, म्हणजे सोयाचं पनीर, करून राहिले! सोयाचं प्रथिन कॅल्शियम-मॅग्नेशियमनं गोठतं, आणि बोअरच्या जड, क्षारांच्या पाण्यात तेच भरलेलं असतं. त्यात गूळ आंबटसर, साधा कोकोही आंबट, वरून उकळी. आरओच्या कॅनचं पाणी घ्या. नसेल तर बोअरचं पाणी दहा मिनिटं उकळून गार करा, तळाचा पांढरा थर सोडून वरचं घ्या. जडपणा सगळा जात नाही, पण कमी होतो.

१०० ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवा. चोळून सालं काढा. पाव चमचा खायचा सोडा टाकलेल्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, ते पाणी ओता. मग ७०० मिली पाण्यात वाटा, फडक्यातून पिळा, मंद आचेवर १५-२० मिनिटं हलवत उकळा. फेस लवकर वर येतो, ती उकळी नव्हे. गंज मोठा घ्या. कच्चं राहिलं तर पोट आणखी बिघडेल.

शेंगदाणा_समर्थक
काहून एवढा खटाटोप? १०० ग्रॅम दाणे भिजवा, ४०० मिली पाण्यात वाटा, गाळा, उकळा. झालं.

माई_वर्धा
दाण्यात जवळपास निम्मं तेल. थोडं थांबलं की वर तवंग. आणि कोकोची चव दाण्याखाली दबते.

शेंगदाणा_समर्थक
तवंग आला तर रवी फिरवा ना बाप्पा. अर्धा चमचा ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून शिजवलं तर कमी येतो.

माई_वर्धा
पिठाचं पटलं, सोयालाही चालेल. आता कोको. दोन सपाट चमचे कोको कधीच थेट दुधात टाकू नका. कोकोतल्या तेलकटपणामुळे तो भिजत नाही, गोळे होतात. आधी तीन चमचे गरम पाण्यात घोटा. १५ ग्रॅम गूळ वेगळ्या पाण्यात विरघळवा, गाळा, कोमट होऊ द्या. दोन्ही एकत्र करून चिमूटभर खायचा सोडा टाका. जास्त पडला तर साबणासारखं लागेल. २०० मिली दूध आचेवरून उतरवून हे धारेनं मिसळा. नंतर उकळी नाही. कणभर मीठ टाका, कडूपणा दबतो.

काटोलकर
गूळ टाकला म्हणजे पौष्टिकच झालं समजा.

सोयावाला_मेहकर
गूळ म्हणजे मुख्यतः साखरच, भाऊ. पौष्टिक व्हायचं तर ती कमी करा. कॅल्शियम मात्र घरच्या सोया दुधात फार कमी. नाचणी-तीळ जेवणात द्या. कॅल्शियमची गोळी कुटून दुधात टाकू नका, पुन्हा टोफू होईल.

गोंदियाची_सून
मोहफुलाचा पाक टाकून पाहिला का कोणी? आणि उरलेल्या चोथ्याचे वडे मस्त होतात. अर्धं बेसन, हिरवी मिरची, कोथिंबीर...

माई_वर्धा
वड्यांचा वेगळा धागा काढा.

चुलीवरचा_चहा
आरओचं पाणी घेतलं, गूळ शेवटी टाकला. फाटलं नाही. वास मात्र अजून आहे.

सोयावाला_मेहकर
वाटताना पाणी गरम होतं की गार?

चुलीवरचा_चहा
गारच. गरम टाकायचं का?

सोयावाला_मेहकर
माझीच चूक, लिहायचं राहिलं. गार वाटलं की वास सुटतोच. कढत पाण्यात वाटा. मिक्सरचं भांडं अर्धंच भरा आणि झाकणावर फडकं धरा, नाहीतर वाफेनं झाकण उडेल.