गोंगाटात चालणारं भाषांतर-यंत्र: माइक सुधारायचा की मॉडेल?

खटपट्या: खिशात मावणारी बोलकी भाषांतर-यंत्रं शांत खोलीत झकास चालतात, जनरेटरशेजारी नेली की काहीबाही बरळतात. यावर जो तो म्हणतो, मॉडेल (बोलणं ओळखून भाषांतर करणारी आतली संगणक-प्रणाली) मोठं करा. मला नाही पटत. बोलणं माइकमध्ये शिरतानाच गोंगाटात बुडालं असेल तर पुढे मॉडेल काय दिवे लावणार? माइक तोंडाच्या निम्म्या अंतरावर आणला की बोलणं साधारण ६ डेसिबलने चढतं, गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. तोंडाजवळचा माइक द्या, नाहीतर हाडातली कंपनं टिपणारा सेन्सर. पैसा तिथे घाला.

अर्धविराम: कोणाच्या तोंडाजवळ? यंत्र माझं, समोरचा अनोळखी. अपघातात अडकलेल्या माणसाला 'आधी हे कानात घाला' सांगणार का? आणि हाडातून येणाऱ्या आवाजात वरच्या कंप्रता गळतात. स, श, फ ओळखणं अवघड होतं. तेवढ्यासाठी वेगळं शिकवलेलं मॉडेल लागतंच. आलात ना फिरून तिथेच?

खटपट्या: अनोळखी माणसासमोर यंत्र हाताने धरा की, वार्ताहर धरतात तसं!

नटबोल्ट: धरलं तरी माणूस ओरडूनच बोलणार. गोंगाटात आपोआप आवाज चढतो, स्वर लांबतात. एत्येन लोंबार या फ्रेंच कान-नाक-घसा डॉक्टरने हे १९११ मध्येच नोंदवलंय. शांतपणे वाचलेल्या वाक्यांवर नंतर गोंगाट चिकटवून मॉडेल शिकवलं तर त्यात हे ओरडणं येतच नाही. खरी नमुना-ध्वनिमुद्रणं गोळा करायला कंटाळा, म्हणून हे जुगाड. आवाजाची दिशा ओळखून गोंगाट वगळणाऱ्या अनेक माइकच्या रांगेचंही फार कौतुक नको. १०० हर्ट्झच्या घरघरीची तरंगलांबी साडेतीन मीटरच्या आसपास, तिची दिशा मुठीएवढ्या डबीला काय कळणार?

शंकेखोर: मला वेगळीच भीती आहे. यंत्र गप्प बसलं तर परवडलं. बोलणं लिहून काढणारं ओपनएआयचं व्हिस्परसारखं मॉडेल कोणी बोलत नसतानाही कधीकधी सरळ वाक्यं रचतं. 'गोळी घेतली नाही' मधला 'नाही' हॉर्नमध्ये गेला तर? अफगाणिस्तानात अमेरिकी सैनिकांकडे असलेला फ्रेझलेटर ठरावीक, आधी मुद्रित केलेली वाक्यंच वाजवायचा. एकतर्फी होता, पण मनाचं काही जोडत नव्हता. धोक्याच्या ठिकाणी तेच बरं.

अर्धविराम: ठरावीक वाक्यांनी प्रश्न विचारता येतो. समोरच्याने चार वाक्यांत उत्तर दिलं की संपलं!

शंकेखोर: मग ऐकलेलं त्याच्याच भाषेत त्याला परत ऐकवा, 'हो' म्हणाला तरच भाषांतर करा. वेळ जाईल, जाऊ दे.

नटबोल्ट: आणि तो 'हो' ऐकणार कोण, तोच माइक ना? त्यापेक्षा एक जाडजूड बटण द्या, हातमोजे घालूनही दाबता येईल असं.